कैलासाला कोणता तांदूळ न्यायचा

"बाईमाणूस एक वेळ चालेल हो. पण एकटं बाईमाणूस, ते नाही जमायचं."

आवाज मास्तरांचा होता. मी चहाचा ट्रे घेऊन बाबांच्या ऑफिसच्या दाराशी आले होते, ती पडद्याच्या अलीकडेच थांबले. आत टेबलावर हिंदुस्थानचा नकाशा पसरलेला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या चारही कोपऱ्यांवर बाबांची कायद्याची जाड पुस्तकं ठेवली होती.

"शेठाणीबाई येणार होत्या तोवर प्रश्न नव्हता," मास्तर म्हणाले. "दोघी एका तंबूत राहिल्या असत्या. आता सात पुरुषांत ताई एकट्या कशा?"

"बेटी की जचगी जून में ही है, मास्टरजी. क्या करें?" राइस मिलचे शेठजी म्हणाले.

"मंग दुसरी सोबतीण पाहा ना जी," अर्जुनी मोरगावचे पाटील म्हणाले. "गोंदियात का बाया कमी हायेत?"

"कैलासाला यायला तयार असलेली एक दाखवा."

सगळे हसले. मी आत गेले, कप ठेवले आणि कुणाकडे न पाहता बाहेर आले. त्या 'बाया'मध्ये मला कुणी धरलं नव्हतं आणि मीही स्वतःला धरलं नव्हतं.

ज्यांच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं त्या ताई म्हणजे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर तीनच वर्षांत ती विधवा होऊन माहेरी परत आली. माझी आई गेल्यावर आमचं घर तिनेच सांभाळलं. तोपर्यंतच्या आयुष्यात ती एकदा रामटेकला आणि दोनदा भंडाऱ्याला गेली होती. काशीला जाणाऱ्यांना तिने दशम्या बांधून दिल्या होत्या, बद्रीनाथहून आलेल्यांच्या पायावर पाणी घातलं होतं. स्वतः कुठे जावं असं ती कधी म्हणाली नव्हती. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जायच्या आदल्या वर्षी, थंडीत, मास्तरांनी कैलास-मानसरोवराची टूम काढली. तिबेटकडे जायची यात्रेकरूंना आता मोकळीक आहे, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. बाबा स्वतः जाणार नव्हते, पण पत्रव्यवहार आणि बैठका आमच्याकडेच होत. पहिल्या बैठकीनंतर आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पदराला हात पुसत बाबांना म्हणाली, "मला जायचं आहे." बाबांना आधी वाटलं, देवळात.

माझ्याकडे पत्रांचं काम आलं. नऊ वर्षांची असल्यापासून मी जबलपूरच्या इंग्रजी शाळेत राहून शिकले होते आणि इंटर होऊन घरी बसले होते. बाबांचे कॉलेजातले एक मित्र अल्मोड्याला वकिली करत. तिकडची खेचरं, वाटाडे, परवाने हे सगळं ते बघणार होते आणि ते इंग्रजीत लिहीत. त्यांची पत्रं वाचायची, मास्तर विचारतील तेवढं सांगायचं आणि मास्तर सांगतील ते इंग्रजीत लिहायचं, हे माझं काम. मास्तर माझ्या अक्षराचं कौतुक करत. "छापल्यासारखं!" म्हणत. मी मान हलवत असे.

मी कमी बोलत असे, याचं कारण फार मोठं नव्हतं. शाळेतून सुटीत घरी यायचे तेव्हा माझं मराठी पुस्तकातलं असायचं. गोंदियात बाजारात हिंदी, दारावर येणाऱ्या माणसांशी पोवारी, शेतावरच्या माणसांची झाडीबोली. मी तोंड उघडलं की शेजारच्या मुली तोंडाला पदर लावत. एक-दोन वर्षांत मी विचारलं तर उत्तर द्यायचं आणि विचारलं तेवढंच द्यायचं, अशी सवय लावून घेतली. ती इतकी अंगवळणी पडली की लोक मला समंजस म्हणू लागले.

त्या दिवशी माणसं गेल्यावर आत्या नकाशाची घडी घालत होती. तिने सगळं ऐकलं होतं. आमच्या घरात पडदे होते, पण भिंती पातळ.

"पुढच्या रविवारी नावं पक्की करून अल्मोड्याला पाठवायची आहेत," मी म्हणाले.

"ठाऊक आहे." तिने घडी दोनदा चुकवली. "एका आठवड्यात सोबतीण कुठून पैदा करू? जाऊ दे. चल, उशीर होतो आहे."

उशीर चालण्याला होत होता. थंडीपासूनच तिने तयारी सुरू केली होती. रोज संध्याकाळी ती बाबांचे जुने कॅनव्हासचे बूट घालून, पाठीवर दोन पायल्या धान बांधून फुलचूर गावापर्यंत जाई आणि परत येई. सोबत मी. पहिल्या आठवड्यात सायकलीवरून जाणारे लोक उतरून बघत. एका ओळखीच्या बाईने विचारलंही, "काऊन व बाई, वकिलाच्या घरी गाडी-बैल नाई उरले का?" आत्या म्हणाली, "आहेत ना. पण त्यांना कैलासाला नाही जायचं."

चालणं झालं तरी चढ कुठून आणायचा, हा प्रश्न होता. आमचा मुलूख धानाच्या बांध्यांचा, पाणी अडवलेल्या शेतांचा, ताटासारखा सपाट. तलावाची पाळ सोडली तर चढायला काही नाही. शेवटी आत्याला स्टेशनचा पूल सापडला. रुळांवरून पलीकडे जायचा तो लोखंडी जिना. आम्ही प्लॅटफॉर्म तिकीट काढत असू आणि आत्या पाठीवर धान घेऊन पूल चढत असे, उतरत असे, पुन्हा चढत असे. दहा वेळा, मग पंधरा, मग वीस. इकडून मुंबईची गाडी, तिकडून हावड्याची, पलीकडे जबलपूर आणि चांद्याच्या छोट्या गाड्या. त्या धुरात आत्या कठडा न धरता चढायची. मी आधी खाली उभी राहून मोजत असे. मग तिने सांगितलं, "नुसती मोजतेस काय, तुझेही पाय आहेत." तेव्हापासून मीही चढू लागले.

एका तिकीट कलेक्टरला आमची काळजी वाटली.

"माताजी, रोज देखता हूं. किसको लेने आती हैं?"

"किसी को नहीं बेटा. जाने का है."

"कौन सी गाडी से?"

"गाडी नहीं जाती वहाँ," आत्या म्हणाली आणि धापा टाकत पुढे गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

त्या संध्याकाळी, सोबतिणीचं बोलणं ऐकल्यावर, आत्या पंचवीस वेळा चढली. शेवटच्या फेरीला पुलाच्या मधोमध थांबली आणि गाठोडं खाली ठेवून मान वळवली. मला वाटलं, आता ती मला विचारेल. मी मनात नकार जुळवूही लागले. मला चढाची भीती नव्हती. ती महिन्याभरात गेली होती. मला भीती होती माणसांची. अडीच महिने सात पुरुषांबरोबर राहायचं, दर मुक्कामाला कुणीतरी काहीतरी विचारणार, कुठे जेवलात, पाय दुखतात का, इंग्रजी शाळेत काय शिकवतात. आत्याला हे माझ्याइतकंच माहीत होतं. ती म्हणाली, "तुझ्या चपलेचा अंगठा तुटायला आला आहे," आणि गाठोडं उचललं.

तिने विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तिने विचारलं नाही, म्हणून मला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

पुढच्या रविवारची बैठक तांदळाची होती.

हे दुसऱ्या मुलखातल्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे दोन्ही वेळा भात. पोळी म्हणजे पाहुण्यांसाठी किंवा आजाऱ्यासाठी. माणूस जेवला का असं न विचारता भात झाला का असं विचारतात. त्यामुळे तिबेटात थंडी किती, तिकडे जायची खिंड किती उंच, डाकू आहेत का, हे प्रश्न दोन बैठकांत संपले होते. कोणता तांदूळ न्यायचा हा मात्र महिनाभर चालू होता. पाटील त्या दिवशी सकाळच्या छोट्या गाडीने तीन पुरचुंड्या घेऊन आले होते. एकीत चिन्नोर, एकीत लुचई, एकीत दोन वर्षं मुरवलेला जुना तांदूळ. शेठजींनी आपल्या मिलचा उष्णा, म्हणजे उकडा तांदूळ, आणला होता. आत्याने चार पातेल्यांत चारी भात रांधले आणि मी त्यांच्या चार-चार मुदी ताटांत मांडल्या.

"वास पाहा जी, वास!" पाटील चिन्नोरची मूद नाकाशी नेत म्हणाले. "कैलासावर चिन्नोर शिजवला तं महादेव खाली उतरून येईल."

"महादेव उतरेंगे, ठीक है, पर पेट किससे भरेगा?" शेठजी म्हणाले. "उसना चावल लो. मजबूत. टूटता नहीं."

"उष्णा खाऊन आमच्याकडे नुसती ढोरं जगते."

"पाटीलसाब, आधा नागपूर हमारा उसना खाता है!"

"थेच म्हणून राहिलो ना मी."

बाबा हसता हसता ठसकले. मास्तरांनी हात वर केला, वर्गात करत तसा. "बद्रीनाथचा अनुभव लक्षात घ्या. शेठजी, तुम्हीच सांगा."

शेठजींनी सांगितलं. वर गेल्यावर दोन दिवस भात कच्चा राहिला. चूल तीच, स्वयंपाकी तोच, पण कणी काही मोडेना. एकाचं पोट बिघडून त्याला पाठीवर घालून खाली आणावं लागलं. "वहाँ का चावल ही खराब था," त्यांनी निकाल दिला.

"म्हणूनच तांदूळ इथून न्यायचा," मास्तर म्हणाले. "आपला, पारखून घेतलेला. सहा खेचरांपैकी तीन तांदळाला, दोन तंबू-अंथरुणांना, एक भांडी आणि रॉकेलला."

तांदूळ खराब नव्हता, हे मला कळलं होतं. शाळेत आमच्या विज्ञानाच्या बाईंनी शिकवलं होतं की जसजसं उंच जावं तसतशी हवा विरळ होते आणि पाणी कमी तापतं तोच उकळू लागतं. ते खदखदतं, वाफ येते, पण त्यात तेवढी उष्णता नसते. बद्रीनाथला जो भात कच्चा राहिला तो कैलासाच्या वाटेवर, त्याहून कितीतरी उंच, मुळीच धड शिजणार नव्हता. चिन्नोर असो की उष्णा. शिवाय तिकडे लाकूड नाही. हे मी दोन दिवसांपूर्वी पुलावर आत्याला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग सांग ना मास्तरांना." मी म्हणाले, "तूच सांग." तिने माझ्याकडे बघून नुसतं "हं" केलं.

आणि आणखी एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. अल्मोड्याच्या वकिलांच्या शेवटच्या पत्रात एक परिच्छेद होता. खिंडीपलीकडच्या मंडीत भाजलेल्या जवाचं पीठ, म्हणजे सातू, भरपूर मिळतं, तिकडची माणसं तेच पाण्यात किंवा चहात कालवून खातात, चूल लागत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मास्तरांनी पत्र आल्यावर मला विचारलं होतं, "खेचरं किती?" मी म्हणाले होते, "सहा. जास्त मिळणार नाहीत." त्यांनी तेवढंच विचारलं होतं. मी पत्र घडी करून फायलीत ठेवलं.

आत्या रिकामी ताटं उचलायला आत आली होती. ती ताटं हातात घेऊन उभीच राहिली.

"मास्तर, एक बोलू का? तिथे भात शिजणार नाही म्हणतात. उंचावर पाणी लवकर उकळतं."

"लवकर उकळतं? मग चांगलंच की! लाकूड वाचलं."

"तसं नाही. उकळतं, पण तापत नाही."

पाटलांना हसू आवरेना. "उकळतं पण तापत नाही! काऊन जी? पाण्याला का मालूम आपण कुठी आहो थे?"

"इथलं पाणी आणि कैलासाचं पाणी वेगळं असतं का, ताई?" मास्तर मायेने म्हणाले, आणि ते अधिक लागलं. "तीस वर्षं शिकवलं मी. पाणी शंभर अंशांवर उकळतं. मुलं झोपेतही सांगतील. तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

दाराशी मी उभी होते. आत्याने वळून पाहायला हवं होतं. तिने एवढं म्हटलं असतं की हिने सांगितलं, हिला विचारा, तर ते साहजिक होतं आणि मला उत्तर द्यावंच लागलं असतं. तिने नजर ताटांवरून हलवली नाही.

"कुठेतरी ऐकलं," ती म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

"चुकलं तर चुकलं, त्यात काय," मास्तर म्हणाले. "हां, तर नावं. ताई, आता विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. वाईट वाटून घेऊ नका. सोबतीण मिळाली नाही. आणि मिळाली असती तरी दोघींचं वेगळं सामान, वेगळा तंबू आला. खेचरं सहाच, आणि सहाही भरली. तेव्हा यंदाचं राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी नक्की, बहनजी," शेठजी म्हणाले.

पाटलांचं हसणं थांबलं होतं. "बाईनं चालण्याचा लय सराव केला होता जी," ते हळूच म्हणाले. "मले स्टेशनावर दिसली होती."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण पाहुण्यांसमोर मास्तरांचा शब्द मोडायचा कसा, हे त्यांना सुचत नव्हतं. मला ते ओळखीचं वाटलं. न बोलणं मी कुणाकडून घेतलं होतं ते मला तेव्हा दिसलं.

"बरं," आत्या म्हणाली. मग चारी ताटं एकावर एक ठेवली, वरच्या ताटातली सांडलेली शितं बोटाने गोळा केली, आणि विचारलं, "चहा टाकू का सगळ्यांना?"

मास्तरांनी माझ्याकडे कागद सरकवला. अल्मोड्याला पाठवायची यादी. "लिही बाळ, इंग्रजीत. सात नावं, त्याखाली सामान." मी खुर्चीवर बसले, टाक दौतीत बुडवला. सात नावं लिहिली. आठवं लिहायला जागा होती. आत्या माझ्या मागून दाराकडे निघाली होती. कॅनव्हासच्या बुटांनी तिच्या टाचांना घट्टे पडले होते आणि ती अनवाणी चालली की त्यांचा फरशीवर थोडा आवाज होई. तो आवाज दारापाशी पोचेपर्यंत माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. एक, फायलीतलं पत्र कुणाला न दाखवता तसंच राहू देणं, म्हणजे मी जशी होते तशी राहीन. सात माणसं तीन खेचरं भरून तांदूळ नेतील, उपाशी राहतील किंवा आजारी पडतील, आणि मला कुणी दोष देणार नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. दुसरी गोष्ट मला नीट दिसतही नव्हती. तीत फक्त बर्फ होतं आणि पुष्कळशी बोलणारी माणसं.

शाईचा एक थेंब यादीवर पडला. मास्तर "अगं अगं" म्हणाले. मी टाक ठेवला, फाईल उघडली आणि ते पत्र काढून मास्तरांसमोर ठेवलं.

"हे काय?"

माझं मराठी पुस्तकी निघालं, शेजारच्या मुली हसायच्या तसंच. आवाजही फार मोठा नव्हता. पण दारापाशी आत्याच्या पावलांचा आवाज थांबला, म्हणजे तिथपर्यंत पोचत होता.

"आत्याला ते मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "तिथे पाणी शंभर अंशांवर पोचायच्या आधीच उकळतं, म्हणून भात कच्चा राहतो. तांदूळ कोणताही न्या. या पत्रात लिहिलं आहे की खिंडीपलीकडे सातू मिळतं, त्याला चूल लागत नाही. हे मी तुम्हाला आधी वाचून दाखवायला हवं होतं, ती चूक माझी. तांदूळ फक्त खिंडीपर्यंतचा घ्या, तो एका खेचरावर मावेल. दोन खेचरं मोकळी होतात. एकावर आमचा तंबू ठेवा आणि एकावर आमचं सामान. आत्याची सोबतीण मी आहे."